शैक्षणिक संशोधन-साहित्याचा शोध कसा घ्यावा?



पोलादपूर तालुक्यातील एका डोंगरवाडीवर मी शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा एक खोली, एक फळा, चार इयत्ता आणि पटावर एकोणीस मुले एवढा माझा संसार होता. पहिलीला अक्षरे गिरवावयास देऊन तिसरीचा गुणाकार घ्यावा, तोच दुसरीचे काम संपलेले असे. पुष्कळ विचारांती मी एक तोड काढली. चौथीतील मुलांनी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवावे, अशी व्यवस्था लावून दिली. शाळेला शिस्त लागली, तपासणीच्या वेळी शाबासकीही मिळाली. चौथीत एक अतिशय चुणचुणीत मुलगी होती. तिने ते सारे वर्ष लहान मुलांना वाचावयास शिकविण्यात घालविले. पुढे ती खालच्या गावी पाचवीत गेली आणि अपूर्णांकांपाशी अडली. कारण तिच्या स्वतःच्या शिकण्याचा वेळ मी इतरांच्या पदरात घातला होता. चूक माझी होती; किंमत मात्र तिने मोजली.

जी पद्धत आपण शोधून काढली असे मला वाटत होते, ती फार जुनी आहे, हे मला कित्येक वर्षांनी कळले. अँड्र्यू बेल यांनी मद्रास येथील मुलांच्या अनाथालयातील शाळेत मुलांकडूनच मुलांना शिकविण्याचा प्रयोग केला आणि त्याचा वृत्तान्त १७९७ साली लंडन येथे छापून प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजवर या पद्धतीचे गुण कोणते, दोष कोणते, शिकविणाऱ्या मुलाचे हित कसे सांभाळावे, या प्रश्नांवर देशोदेशी लिहिले गेले आहे. त्यातील दहा पाने जरी मला त्या वेळी वाचावयास मिळाली असती, तरी त्या मुलीचे वर्ष वाचले असते.

आपल्या हातून होणारा प्रत्येक नवा प्रयोग हा कोणाच्या तरी मुलावर होत असतो. म्हणून प्रयोगाला हात घालण्यापूर्वी तो इतरांनी केला आहे काय, त्यातून काय निष्पन्न झाले, हे पाहणे हा शिक्षकाच्या कर्तव्याचाच भाग होय. पूर्वी यासाठी मुंबई-पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयांत जावे लागे. आज हे काम आपल्या खिशातील फोनवरून होऊ शकते. ते कसे करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

डेटाबेस म्हणजे काय?

ग्रंथालयात आपण पुस्तक शोधतो ते तालिकेच्या आधारे. ड्युई यांच्या दशांश वर्गीकरणात ३७० हा क्रमांक शिक्षणाचा आणि ३७२ हा प्राथमिक शिक्षणाचा, हे ज्यास ठाऊक आहे त्यास नेमके कपाट सापडते. तथापि संशोधनाचा मोठा भाग पुस्तकांत नसून नियतकालिकांतील लेखांत, अहवालांत आणि विद्यापीठांना सादर केलेल्या प्रबंधांत विखुरलेला असतो. नियतकालिकाचे नाव तालिकेत मिळते, त्यातील एकेका लेखाचे सहसा मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी विद्वानांनी लेखांच्या व प्रबंधांच्या सूची तयार केल्या. आपल्या देशातील शिक्षणविषयक संशोधनाचा असा पहिला मोठा आढावा एम. बी. बुच यांनी संपादित केला. तो बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७४ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे त्या मालिकेत आणखी खंड निघाले.

डेटाबेस ही अशीच सूची होय. फरक एवढाच की ती संगणकावर ठेवलेली असल्यामुळे क्षणात चाळता येते. तीत प्रत्येक लेखाची एक नोंद असते. लेखाचे शीर्षक, लेखक, वर्ष, नियतकालिक, थोडक्यात सारांश आणि विषयदर्शक शब्द एवढी माहिती त्या नोंदीत मिळते. काही नोंदींसोबत पूर्ण लेखही असतो. गूगलसारखे सर्वसाधारण शोधयंत्र जाहिरात, बातमी, मत आणि संशोधन यांची सरमिसळ आपल्यापुढे ठेवते. डेटाबेसमध्ये काय घ्यावे व काय घेऊ नये, हे ठरविणारी माणसे व नियम असतात. शोधयंत्र म्हणजे आठवड्याचा बाजार आणि डेटाबेस म्हणजे नीट लावलेले कोठार, असे म्हटल्यास चालेल.

आधी प्रश्न, मग शब्द

"माझी मुले मागे आहेत" ही तक्रार झाली. तिचा शोध घेता येत नाही. "एकाच शिक्षकाकडे चार इयत्ता असल्यास वाचन कोणत्या क्रमाने घ्यावे?" हा प्रश्न झाला. प्रश्नात कोण, कोठे, कोणता विषय आणि कोणती अडचण ही चार अंगे स्पष्ट असावीत. असा प्रश्न वहीत एका वाक्यात लिहिल्याखेरीज फोन हाती घेऊ नये, असा माझा आग्रह आहे.

त्यानंतर प्रश्नातील मुख्य शब्द वेगळे काढावेत आणि प्रत्येकाचे पर्याय लिहावेत. आपण ज्यास बहुवर्ग अध्यापन म्हणतो, त्यास इंग्रजीत मल्टिग्रेड टीचिंग म्हणतात. परंतु कोणी कॉम्बिनेशन क्लास म्हणतो, कोणी कॉम्पोझिट क्लास, तर कोणी मिक्स्ड-एज क्लास म्हणतो. एकच शब्द घेऊन शोधल्यास बाकीच्या नावांखाली ठेवलेले लेख हाती लागत नाहीत. एका गावची भाजी दुसऱ्या गावी वेगळ्या नावाने विकली जाते, तसाच हा प्रकार आहे.

काही डेटाबेसनी या अडचणीवर उपाय केलेला आहे. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, सूची करणारा त्या नोंदीवर एक ठरलेला विषयशब्द लिहितो. अमेरिकेतील 'एरिक' या डेटाबेसच्या शब्दकोशात आपल्या कामाचे असे ठरलेले शब्द आहेत : मल्टिग्रेडेड क्लासेस, वन टीचर स्कूल्स, स्मॉल स्कूल्स, आणि माझ्या जुन्या चुकीच्या संदर्भात क्रॉस एज टीचिंग. एक चांगला लेख सापडला की त्याच्या नोंदीवरील विषयशब्द पाहावेत आणि तेच शब्द घेऊन पुन्हा शोधावे. ही एक सवय जडली तरी निम्मे काम झाले, असे समजावे.

कोठे शोधावे?

प्रथम घराजवळ पाहावे. आपल्या जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेल येथे आहे. शिक्षकांनी केलेल्या कृतिसंशोधनाची चौकशी आधी तेथे करावी. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे 'जीवन शिक्षण' मासिक आणि जे. पी. नाईक यांनी १९४८ साली स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे 'शिक्षण आणि समाज' हे त्रैमासिक यांचे जुने अंक मराठी वाचकास विशेष उपयोगी आहेत.

विद्यापीठांतील पीएच. डी. प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे इन्फ्लिबनेट हे केंद्र गांधीनगर येथून तिची व्यवस्था पाहते. प्रबंधांच्या प्रती संगणकीय स्वरूपात देण्याबाबतचा आयोगाचा नियम २००९ सालचा असून आज तेथे लाखो प्रबंध विनामूल्य वाचता येतात. मुंबई विद्यापीठ, पुणे विद्यापीठ आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेले महिला विद्यापीठ यांच्या शिक्षणशास्त्र विभागांतील प्रबंध अवश्य पाहावेत. मराठी प्रबंधांची शीर्षके काही ठिकाणी देवनागरीत, तर काही ठिकाणी रोमन लिपीत नोंदलेली असतात, म्हणून दोन्ही प्रकारे शोधावे. प्रबंधाची प्रकरणे बहुधा निरनिराळ्या फाइलींत असतात. त्यांपैकी 'संबंधित साहित्याचा आढावा' हे प्रकरण आधी उघडावे. दुसऱ्याने केलेल्या शोधाचे फळ तेथे एकत्र मिळते.

नवी दिल्ली येथील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद १९६१ साली स्थापन झाली. तिच्या नियतकालिकांचे अनेक अंक तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्रास अर्पण करण्यात आले. तेथे इयत्ता व विषय यांनुसारही शोध घेता येतो.

जगभरातील साहित्यासाठी वर उल्लेखिलेला 'एरिक' डेटाबेस आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने १९६४ साली त्याचा आरंभ केला. तो पाहण्यास पैसे पडत नाहीत व नावनोंदणीही लागत नाही. त्यातील नोंदींना दोन प्रकारचे क्रमांक असतात. 'ईडी' ही अक्षरे असलेली नोंद अहवाल वा तत्सम दस्तऐवजाची, तर 'ईजे' ही नियतकालिकातील लेखाची. पहिल्या प्रकारात पूर्ण मजकूर मिळण्याचा संभव अधिक. शोधपेटीजवळच पूर्ण मजकूर उपलब्ध असलेल्या आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या नोंदींपुरताच शोध मर्यादित ठेवण्याची सोय आहे. खूण करावयास विसरू नये.

'आणि' व 'किंवा' यांतील भेद

डेटाबेसला दोन शब्द देताना त्यांच्यामध्ये 'अँड' किंवा 'ऑर' हे इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत लिहितात. त्यांचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे, कारण आपल्या बोलण्यातील अर्थाहून तो उलटा वाटतो. "तिसरी आणि चौथीची मुले बाहेर या," असे आपण म्हणतो तेव्हा दोन्ही वर्गांतील मुले येतात. म्हणजे संख्या वाढते. डेटाबेसला हेच सांगितले, तर एकाच वेळी तिसरीत आणि चौथीतही नाव असलेले मूल तो शोधू लागेल, आणि असे मूल हजेरीपटावर मिळणार नाही! तेथे 'अँड'ने संख्या घटते आणि 'ऑर'ने वाढते.

म्हणून नियम असा : एकाच अर्थाचे पर्यायी शब्द 'ऑर'ने जोडून कंसात ठेवावेत आणि निरनिराळ्या कल्पना 'अँड'ने जोडाव्यात. उदाहरणार्थ, बहुवर्गाचे तीन पर्याय एका कंसात, वाचन हा शब्द दुसऱ्या बाजूस आणि त्यापुढे भारत. दोन-तीन शब्दांचा ठरीव समूह असल्यास तो अवतरणचिन्हांत लिहावा, म्हणजे ते शब्द सुटे न होता एकत्र शोधले जातात. हजार नोंदी आल्या तर एक 'अँड' वाढवावा. एकही आली नाही तर एक 'अँड' काढावा. पहिल्याच खेपेस नेमके सापडले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

सापडलेले वाचावे कसे?

प्रथम सारांश वाचावा आणि पाच गोष्टी वहीत टिपाव्यात : अभ्यास कोठे झाला, मुले किती व कोणत्या वयाची, काय केले, तुलना कशाशी केली, आणि काय आढळले. यांपैकी 'तुलना कशाशी' याचे उत्तर नसेल, तर निष्कर्षावर फार भार टाकू नये.

एका लेखावर थांबू नये, हे सांगण्यासाठी एक खरे उदाहरण देतो. नेदरलंड्समधील सायमन वीनमन यांनी १९९५ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून असा निष्कर्ष मांडला की, बहुवर्गातील मुलांची प्रगती एकेरी वर्गातील मुलांहून वाईटही नाही आणि चांगलीही नाही. एवढेच वाचणारा शिक्षक निश्चिंत होईल. परंतु पुढच्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, अमेरिकेतील मेसन व बर्न्स यांनी त्यावर आक्षेप घेतला. जोडवर्ग भरविताना मुख्याध्यापक पुष्कळदा स्वतंत्रपणे काम करू शकणारी मुले आणि कसलेले शिक्षक निवडून तेथे देतात. तरीही निकाल सारखाच येत असेल, तर पद्धतीत काही तोटा दडलेला असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आता आपल्या वाडीचा विचार करावा. आपल्याकडे निवड नसते. जी मुले वाडीत आहेत, तीच वर्गात असतात. म्हणून दोन्ही लेख वाचणारा शिक्षक अधिक सावधपणे पावले टाकील.

वाद कळल्यावर आपल्या परिस्थितीजवळचे काही शोधावे. निकोल ब्लम व रश्मी दिवाण यांचा भारतातील लहान बहुवर्ग शाळांविषयीचा २००७ सालचा निबंध विनामूल्य मिळतो. त्यावरून आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या प्रयोगाकडे वाट जाते. तेथे पाठ्यक्रमाचे लहान लहान टप्पे पाडून त्यांची शिडी केली आहे आणि प्रत्येक मूल आपापल्या गतीने कार्डांच्या साहाय्याने ती चढते. लेखाच्या शेवटी असलेल्या संदर्भांतून मागे जावे, आणि तो लेख पुढे कोणी आधारास घेतला, हे गूगल स्कॉलरवर पाहून पुढे यावे. एक चांगला लेख म्हणजे उसाचा एक डोळा. त्यातून बेट वाढते.

अडचणी व त्यांवरील उपाय

आंबेनळी घाटाकडील कित्येक वाड्यांवर फोनला रेंज मिळत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून प्रश्न व शब्द वाडीवर बसून लिहावेत. महाडला वा पोलादपूरला कामानिमित्त येणे होईल तेव्हा शोध घेऊन लेख फोनमध्ये उतरवून घ्यावेत आणि वाचन पुन्हा घरी करावे. पूर्ण लेख न मिळाल्यास लेखकास विनयाने पत्र लिहावे. पुष्कळ संशोधक आनंदाने प्रत पाठवितात. लेखासाठी पैसे भरण्याची घाई करू नये. त्याचप्रमाणे शुल्क घेऊन कोणाचाही लेख आठवड्याभरात छापून प्रमाणपत्र देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. तेथे लेख देऊही नये व तेथील लेखावर विसंबूही नये.

इंग्रजीची भीती हा दुसरा अडसर. सारांश बहुधा दीड-दोनशे शब्दांचा असतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर महिन्यास एका शाळेने एक सारांश मराठीत सांगावा, असे ठरविल्यास दहा शाळांच्या केंद्रात वर्षाकाठी दहा संशोधनांचा परिचय सर्वांस होईल. केंद्रप्रमुखांनी याचा अवश्य विचार करावा.

तिसरी गोष्ट नोंदीची. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले, तेव्हा माझ्या परिचयाच्या एका शिक्षकाच्या चौदा वर्षांच्या टिपणवह्या चिखलात गेल्या. प्रत्येक लेखाचे शीर्षक, लेखक, वर्ष, कोठे मिळाला आणि आपणास काय उपयोगी वाटले, एवढे पाच रकाने वहीत भरावेत आणि त्या पानाचे छायाचित्र दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवून ठेवावे.

जे तेथे नाही, ते आपण लिहावे

शोध घेताना एक उणीव आपल्या ध्यानी येईल. कातकरी वाडीतील मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. घरी कातकरी बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठीला सामोरी जातात. स्थलांतर आणि मातृभाषा या दोन विषयांवर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पोलादपूरच्या वाडीवरील शिक्षकाने कित्येक महिन्यांनी परतलेल्या मुलास पुन्हा वाचनात कसे आणले, याची नोंद त्या कोठारात शोधूनही मिळणे कठीण. डेटाबेसमध्ये नसलेली गोष्ट घडलीच नाही, असे मुळीच नाही. ती कोणी लिहून ठेवली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याचे महत्त्व आजच्या घडीस विशेष आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा उभाराव्यात, असा विचार २०२३ साली राज्यात पुढे आला. लहान शाळेत मुले काय शिकतात व काय शिकत नाहीत, हे सांगण्याची पाळी शिक्षकावर येईल, तेव्हा भावनेपेक्षा नोंद अधिक उपयोगी पडेल. आपले कृतिसंशोधन त्या दृष्टीने लिहावे. त्यातील साहित्याच्या आढाव्याचे प्रकरण दुसऱ्याच्या अहवालातून उतरवून काढू नये. मी असे अनेक अहवाल वाचले आहेत. त्यांत मूळ लेखातील छपाईच्या चुकासुद्धा तशाच उतरलेल्या असतात. न वाचलेल्या दहा नावांपेक्षा वाचलेले दोन लेख अधिक मोलाचे.

महाडच्या मातीत आपण काम करतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक प्रत्यक्ष तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तोवर तो ठराव कागदावरच होता. त्या महान लढ्याशी आपल्या लहानशा कामाची तुलना करणे उचित नव्हे. त्यातून एवढा एक बोध मात्र घेता येतो, की एखादी गोष्ट खुली असणे आणि ती आपली होणे यांत अंतर असते, आणि ते आपल्या पायांनी चालून जावे लागते.

सबब प्रत्येक शिक्षकाने पुढील शिक्षण परिषदेस येताना आपल्या वर्गातील एक प्रश्न एका वाक्यात लिहून आणावा आणि त्याखाली शोधाचे चार शब्द लिहावेत. पहिला शोध आपण तेथे मिळून घेऊ.